बेस गिटारच्या बॉडीतली नको असलेली पिकअपची खाच: कोकणच्या हवेत टिकेल अशी कशी बुजवावी

मे महिन्यात बोट फिरवून जोड सापडत नाही आणि आषाढ लागला की खाच बुजवायला बसवलेल्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांशी रंगावर बारीक रेघ उमटते. किनारपट्टीवर पिकअपची (तारांचं कंपन टिपणाऱ्या चुंबकी भागाची) बुजवलेली खाच उघडी पडते ती बहुधा अशीच. दोष गोंदाला दिला जातो, पण गोंद बिचारा सहसा निर्दोष असतो. ठोकळ्याची रेष (लाकडाच्या धाग्यांची दिशा) उलट्या दिशेने बसलेली असते, नाहीतर लाकूड ओलं असतं. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम कुठल्याही हात बसलेल्या सुताराला जमण्यासारखं आहे.

मुळात बुजवायची गरज आहे का?

खाच पिकगार्डखाली (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली) जाणार असेल तर गोंद लावूच नका. सैलसर ठोकळा बसवून दोन स्क्रूंनी धरून ठेवा, किंवा खाच रिकामी सोडा. ‘पोकळीमुळे आवाज जातो’ असं ऐकलं असेल तर हिशोब करून बघा: १०० × ३६ × २० मिमीची खाच म्हणजे ७२ घनसेंटिमीटर, आणि शिवणीचा तेवढा ठोकळा भरतो ३५ ते ४० ग्रॅम. चार किलोच्या वाद्यात एवढ्याने स्वरात कळेल असा फरक पडत नाही. खाच बुजवायची ती दिसण्यासाठी, किंवा त्याच जागी वेगळ्या मापाचा पिकअप बसवायचा असेल तर.

जॅझ बेसच्या (फेंडर कंपनीच्या दोन पिकअपच्या बेसच्या) धर्तीच्या वाद्यातला एक पिकअप काढताना आणखी एक विचार करा. असे दोन पिकअप बहुतेक वेळा एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवाचे असतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण उघडे असले की विजेची घूंघूं कटते. एक काढलात की उरलेला एकटा घुमत राहतो. प्रिसिजनच्या (फेंडरच्याच दुसऱ्या बेसच्या) धर्तीचा दोन तुकड्यांचा पिकअप ठेवणार असाल तर ही अडचण नाही. १९५७ पासून तो स्वतःची घूंघूं स्वतःच कापतो. आणि जुना, मूळ रंगातला, किंमत असलेला बेस असेल तर त्याला पटाशी लावू नये. रिकाम्या खाचेवर काळी पट्टी बसवून मोकळं व्हावं.

रेष कुठल्या दिशेने

बॉडीच्या लाकडाची रेष नेककडून (दांडीकडून) ब्रिजकडे (बॉडीवर तारा जिथे अडकतात तिकडे), म्हणजे तारांना समांतर धावते. पिकअप मात्र तारांना आडवा असतो. म्हणजे खाचेची लांब बाजू बॉडीच्या रेषेला काटकोनात पडते. हातात ३५ मिमी रुंदीची पट्टी आली की तिचा १०० मिमीचा तुकडा कापून खाचेत बसवायचा मोह होतो, आणि चूक इथेच होते. त्या तुकड्याची रेष त्याच्या लांबीत असते आणि बॉडीची त्याला आडवी.

लाकूड रेषेच्या दिशेने जवळपास हलत नाही, रेषेला आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा लाकडातला ओलावा १२ टक्क्यांशी स्थिरावतो. ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत तो १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढतो. एवढ्या फरकाने उघड्या लाकडाची १०० मिमी रुंदी सहज एक मिलिमीटरने वाढते. रंगाने बंद असलेली बॉडी यापेक्षा कमी आणि सावकाश हलते, तरी ती हलतेच. पावसाळ्यात बॉडी रुंदावते, आडव्या रेषेचा ठोकळा लांबीला तसाच राहतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांशी जोड ताणला जातो. रंगावर ती रेघ दिसते.

म्हणून ठोकळा रुंद फळीतून कापायचा, असा की त्याची १०० मिमीची बाजू फळीच्या रुंदीत येईल आणि ३६ मिमीची बाजू रेषेच्या दिशेने. हातात धरला तर असा ठोकळा विचित्र दिसतो, लांब बाजू धरून वाकवला तर चटकन मोडेल असा. खाचेत बसला की त्याला वाकवणारं कोणी नसतं.

याचा गोंदाशीही संबंध आहे. खाचेच्या दोन लांब भिंतींवर लाकडाचा आडवा छेद उघडा पडलेला असतो. तो गोंद पिऊन टाकतो आणि जोड कच्चा राहतो. खरी पकड मिळते ती तळावर आणि दोन आखूड भिंतींवर. त्यामुळे तळ सपाट करण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

बॉडी प्लायची असेल (स्वस्त बेसमध्ये असते, खाचेच्या भिंतीवर थर मोजता येतात) तर रेषेची एवढी चिंता नको. प्लायचाच तुकडा बसवा.

लाकूड कुठलं

आल्डर, बासवुड, महोगनी ही बॉडीची नेहमीची लाकडं इथल्या वखारीत मागून मिळायची नाहीत, आणि त्यांच्यासाठी अडून बसायचीही गरज नाही. वजनाने जवळचं आणि कमी हलणारं लाकूड हवं. कोकणात त्यासाठी पहिली पसंती शिवणीला. हलकी, रंधायला सोपी, आणि ओलाव्याने कमी हलणारी म्हणूनच ती वाद्यांच्या कामात मान राखून आहे. त्यानंतर जुना फणस. तो थोडा जड, पण वर रंग येणार असेल तर चालतो. साग टिकाऊ असला तरी तेलकट असतो. वापरलाच तर ताजा रंधा मारून, थिनरने पुसून, लगेच गोंद लावा. उद्यावर ठेवलेल्या सागावर तेल पुन्हा वर येतं. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी परंपरेने वापरला जाणारा पांगारा या कामाला फार मऊ आहे. पॉलिशपेपर मारताना तो बॉडीपेक्षा भराभर झिजतो आणि मधे खळगा पडतो. रबराच्या लाकडाच्या जोडफळ्या मिळतात, त्यांतला बोटासारखा जोड ठोकळ्यात येऊ देऊ नका.

ताजी कापलेली फळी नको. मोडलेल्या कौलारू घराच्या चौकटी, दारं, कपाटाच्या फळ्या हे उत्तम कोरडं लाकूड, फक्त खिळे आधी शोधा. लोहचुंबक फिरवला तर आत मोडून राहिलेला खिळाही कळतो. राउटरच्या (लाकूड कोरायच्या यंत्राच्या) बिटला तो कळण्याआधी कळलेला बरा. तुकडा मापापेक्षा थोडा मोठा कापून बेस ज्या खोलीत राहतो त्याच खोलीत ठेवा आणि एक दिवसाआड स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. सलग तीन-चार वेळा वजन तेच आलं की लाकूड त्या खोलीला सरावलं. बॉडीही त्याच खोलीत, पिकअप काढून, उघडी ठेवायची.

कामाचा हंगाम दिवाळी ते शिमगा. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रासाठी बेस तयार हवा म्हणून जुलैत सुरुवात केली तर फुगलेल्या बॉडीत फुगलेला ठोकळा बसतो, आणि डिसेंबरात दोघे आपापल्या गतीने आकसतात. पावसाळ्यात हे काम अंगावर आलंच तर ठोकळा फक्त कोरडा बसवून ठेवा, गोंद थंडीत लावा.

उघडताना

तारा सैल करून काढा. बेस काही आठवडे बिनतारांचा राहणार असेल तर ट्रस रॉड (नेकमधली ताणाची सळई) अर्धा वळसा ढिला करा, नाहीतर नेक मागे वाकून बसतो. नेक स्क्रूंचा असेल तर तोही काढा. बॉडी टेबलावर सपाट पडते आणि क्लॅम्प लावायला जागा होते.

आता वायरींकडे नीट बघा. बऱ्याच दोन-पिकअपच्या बेसमध्ये नेकजवळच्या पिकअपची वायर ब्रिजजवळच्या खाचेतून पुढे कंट्रोलच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांच्या) खोबणीत जाते. ब्रिजखालून येणारी अर्थची वायरही पुष्कळदा तिथूनच जाते. ब्रिजजवळची खाच आंधळेपणाने बुजवली की राहिलेल्या पिकअपचा रस्ताच बंद. वायरींचे डाग (सोल्डर) सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक वायरीला कागदी टेपचा झेंडा लावा, आणि कुठली वायर कुठल्या भोकातून जाते ते पेन्सिलने बॉडीवरच लिहून ठेवा. ठोकळ्याच्या खालच्या अंगाला ८ मिमी रुंद, ८ मिमी खोल चर ठेवायचा तो याच रस्त्यासाठी.

खाचेच्या आत काळा वाहक रंग किंवा तांब्याची पट्टी असेल तर ती पूर्ण खरवडा. कारखान्याच्या रंगाचे शिंतोडेही. गोंद रंगाला चिकटतो आणि रंग सुटून येतो. लाकूड दिसेपर्यंत पटाशी आडवी धरून खरवडलं पाहिजे.

खाच चौकोनी करणं

जॅझच्या पिकअपला बाजूला स्क्रूचे कान असतात, प्रिसिजनच्या प्रत्येक अर्ध्यालाही. त्या आकाराचा ठोकळा कोरत बसण्यात अर्थ नाही. कानांसकट सगळं सामावेल एवढा आयत आखा, प्रत्येक बाजूला निदान १ ते २ मिमी ताजं लाकूड कापलं जाईल असा. सोपबारची (साबणाच्या वडीसारख्या आयताकृती पिकअपची) खाच मुळातच आयत असते; मोठ्या मापाचा सोपबार साधारण १०२ × ३८ मिमीचा, लहान ८९ × ३८. कारखान्यागणिक माप थोडं बदलतं, म्हणून कॅलिपरने आपलीच खाच मोजा.

साचा बनवायला १२ मिमी एमडीएफच्या चार सरळ पट्ट्या पुरतात. आयताच्या चार बाजूंवर त्या दुतर्फा टेपने चिकटवायच्या, कोपरे गुण्याने तपासायचे. राउटरला वरच्या बाजूला बेअरिंग असलेलं १२ मिमीचं बिट लावा. एका दमात ३ ते ४ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नका. आहे तो तळ जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर उतरवून सपाट करायचा, जास्त नाही. साधारण ४५ मिमी जाडीच्या बॉडीत २० मिमीची खाच असली तर खाली २५ मिमी उरतं, ते तसंच राहू द्या. नेकच्या खोबणीजवळची खाच असेल तर मधली भिंत किती जाड आहे ते आधी मोजा. ८ ते १० मिमीपेक्षा कमी असेल तर त्या बाजूला राउटर नको, पटाशीने हलकेच साफ करा.

राउटर नसेल तर धारदार पटाशी आणि धीर यांवरही भागतं. फक्त भिंती काटकोनात उभ्या पाहिजेत. खाली रुंद आणि वर अरुंद झालेल्या खाचेत ठोकळा वर घट्ट वाटतो आणि खाली हवेत राहतो.

ठोकळा

जाडी खाचेच्या खोलीपेक्षा दीड मिलिमीटर जास्त. राउटरच्या बिटने कोपऱ्यांना ६ मिमीची गोलाई आलेली असेल. ठोकळ्याच्या कोपऱ्यांना कानशीने तीच द्यायची. एमडीएफच्या तुकड्याला १२ मिमीचं भोक पाडून ते चतकोर कापलं की गोलाई तपासायचं गेज तयार होतं. कोपऱ्याची गोलाई कमी राहिली तर ठोकळा कोपऱ्यांवर अडतो आणि भिंतींशी फट दिसते. मग माणूस भिंती तासत बसतो आणि दोष कोपऱ्यातच राहतो.

बसणी अशी हवी: झेरॉक्सचा एक कागद भिंतीशी घालून ठोकळा अंगठ्याने दाबत जाईल, दोन कागद घातले तर जाणार नाही. हातोडी लागते म्हणजे घट्ट आहे. ठोकून बसवलेला ठोकळा पाचर मारल्यासारखा बॉडी फाडू शकतो, विशेषतः नेककडच्या पातळ भिंतीशी. घट्ट कुठे लागतं ते शोधायला ठोकळ्याच्या बाजूंना मऊ पेन्सिल घासा, एकदा बसवून काढा, जिथे शिसं चमकतं तिथेच रंधा किंवा पॉलिशपेपर.

खालच्या चारही कडांना १ मिमीची उतरण काढा. वायरीचा चर नसेल तर ठोकळ्याच्या खालच्या अंगाला पेन्सिलच्या जाडीची आडवी खाच पाडा आणि तिच्यातून वरपर्यंत ३ मिमीचं भोक न्या. चांगला बसणारा ठोकळा पंपाच्या दट्ट्यासारखा वागतो. तळातली हवा आणि गोंद निसटायला वाट नसली तर कितीही क्लॅम्प आवळा, तो शेवटचा मिलिमीटर खाली जातच नाही. भोक नंतर बांबूच्या काडीने बंद होतं.

चरातून वायर जायची असेल तर गोंद लावण्याआधी चरात सरबताची प्लॅस्टिकची नळी ठेवा, टोकं बाहेर. आत गोंद शिरत नाही, आणि नंतर वायर ओढायला ती तशीच उपयोगी पडते.

गोंद

बसणी वर सांगितल्यासारखी असेल तर पाण्याला टिकणारा पीव्हीए, म्हणजे फेविकॉल मरीनच्या जातीचा. दोन चहाचे चमचे पुरतात. कुठे अर्ध्या मिलिमीटरएवढी फट राहिलीच असेल तर सावकाश घट्ट होणारं अराल्डाइट (इपॉक्सी), सम प्रमाणात कालवून, त्यात त्याच लाकडाचा चाळलेला भुसा. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, ठोकळा अर्धवट असतानाच ते धरतं. पीव्हीएत भुसा कालवून फट भरू नका. पाणी उडालं की ते खाली बसतं.

लांब भिंतींना, म्हणजे जिथे आडवा छेद आहे तिथे, आणि ठोकळ्याच्या त्याच बाजूंना आधी गोंदाचा पातळ हात मारा (दहा भाग गोंदाला एक भाग पाणी). पाच मिनिटं पिऊ द्या. मग तळ, चारही भिंती आणि ठोकळा यांना ब्रशने नेहमीचा हात. पंखा बंद ठेवा. वाऱ्यावर गोंदाला लगेच साय धरते.

नेहमीचा सी-क्लॅम्प बॉडीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. उपाय सोपा आहे. ठोकळ्यावर त्याच्यापेक्षा किंचित लहान, सपाट तुकडा ठेवा, मधे दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक. त्यावर बॉडीच्या आरपार आडवी ५० × २५ मिमीची सरळ पट्टी, आणि तशीच एक पट्टी पाठीमागे, खाली फडकं घालून. पट्टी आणि तुकडा यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे दोन तुकडे घाला. दोन्ही टोकांना क्लॅम्प आवळले की पट्टी किंचित वाकते आणि दाब नेमका मध्यावर पडतो. गोंद सगळ्या कडांनी सारखा बाहेर आला पाहिजे. एका बाजूला आलाच नाही तर तिथे ठोकळा तिरका बसलाय. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसू नका, तो पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत जातो आणि पॉलिश उघडं असेल तर डाग पडतो. अर्ध्या-पाऊण तासाने रबरासारखा झाला की पटाशीने उचला. क्लॅम्प २४ तास.

सपाटीची घाई

दुसऱ्या दिवशी रंधा मारायला हात शिवशिवतात, पण थांबा. गोंदातल्या पाण्याने जोडाच्या आजूबाजूचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा सपाट केलं तर पाणी उडाल्यावर जोडाची रेघ खाली बसते, आणि रंगाखालून ती बरोब्बर दिसते. थंडीच्या कोरड्या हवेत आठवडा, एप्रिलच्या दमट हवेत दोन आठवडे. इपॉक्सीत पाणी नसतं, तिथे दोन-तीन दिवस पुरे.

आजूबाजूच्या रंगावर कागदी टेपचे दोन थर लावा. लहान रंधा रेषेच्या दिशेने, अगदी पातळ काप. टेपला स्पर्श होईपर्यंत उतरला की टेप काढून कडक ठोकळ्यावर १२०, १८०, २४० नंबरचा पॉलिशपेपर. बोटाने घासलेला कागद मऊ जागी खोल जातो.

स्क्रूची जुनी भोकं टूथपिक आणि गोंदाने भरा, मोठी असतील तर ३ मिमी बांबूच्या काडीने. एम-सील तिथे ठीक. अख्खी खाच एम-सीलने किंवा गाडीच्या पुट्टीने भरणारेही आहेत. पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही आणि जाड थरात घट्ट होताना तापून आकसते, म्हणून ती कडेने सुटते. भिंतीची पांढरी पुट्टी तर या कामात आणूच नये.

रंग

उघडं पॉलिश ठेवायचं असेल तर ठोकळा दिसणारच, कितीही जुळवलात तरी. तिथे अख्ख्या पुढच्या अंगावर अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चढवणं हा सरळ मार्ग.

भरीव रंगासाठी खाचेभोवतीचा जुना रंग ३० ते ४० मिमीपर्यंत उतरता घासून पातळ करा, म्हणजे पायरी राहत नाही. राहिलेले खळगे पॉलिएस्टर पुट्टीच्या एका पातळ हाताने भरा, मग सर्फेसरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन-तीन हात, ४०० आणि ६०० नंबरने पाणी लावून घासणं, मग रंग. जोडाची रेघ दडवायला त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं तलम फायबरचं कापड लावता येतं, पण ते चौरस मीटरला ५० ते ८० ग्रॅमचं हवं. होडीला लावतात ते ३०० किंवा ४५० ग्रॅमचं मॅट इथे जाड ढिगारा करतं.

ड्युको म्हणजे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दमट हवेत पांढरट पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी रंगावर बसतं. सकाळी धुकं असताना किंवा संध्याकाळी खारा वारा सुटल्यावर फवारू नका. दुपारी अकरा ते तीन, आर्द्रता ७० टक्क्यांखाली असेल तेव्हा. दोन भागांच्या पीयूला (पॉलियुरेथेन रंगाला) हा डाग पडत नाही, पण त्याचा हार्डनर ओलाव्याशी क्रिया करून बुडबुडे आणतो, आणि त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते. कार्ट्रिजचा मास्क हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

गडद, चकचकीत रंगात पहिल्या पावसाळ्यानंतर पुसट रेघ दिसू शकते. ऑक्टोबरपर्यंत तिला हात लावू नका. लाकूड पुन्हा कोरडं झाल्यावर तेवढाच भाग १००० नंबरने घासून कंपाउंड मारलं की सहसा भागतं.

त्याच जागी नवा पिकअप बसवायचा असेल तर नवी खाच रंगाच्या आधी आणि गोंद पुरता वाळल्यावर कापा. नव्या खाचेची भिंत जुन्या जोडावरच येऊ देऊ नका. दोन-तीन मिलिमीटरची पातळ फाक उरते आणि राउटर ती उडवतो. एवढी फाक राहणार असेल तर आधी ठोकळाच तेवढा मोठा घ्या.

जोडणी करताना ब्रिजची अर्थची वायर विसरू नका. मल्टिमीटर सातत्याच्या खुणेवर ठेवून एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला लावा, बीप आलाच पाहिजे. काढलेल्या पिकअपचा व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण) नुसता तोडून लटकत ठेवू नका, तो सर्किटमधूनच काढा. प्लेटवर उरलेलं भोक उघडं सोडलं तर खाऱ्या हवेतली धूळ थेट आत जाते, त्यामुळे पॉटची नुसती चौकट आणि नॉब तिथे परत आवळून टाका.